ओला पट्टा

सरांनी उभ्या आयुष्यात कुणाला ‘कसे आहात’ म्हणून विचारलं नसेल. ते विचारायचे, “झोप झाली?” त्यापाठोपाठ, “चहा कधी घेतलात? जिना चढून आलात का? कसली गोळीबिळी चालू आहे?” ऐकणारा विरघळायचा. एवढा शिकलेला माणूस आपल्या झोपेची चौकशी करतो! मिरकरवाड्यातल्या बायका मला बाजूला घेऊन सांगायच्या, “देवमाणूस हाय गो तुजा सर. माज्या घोवान बावीस वर्षांत विचारलान नाय कधी, झोप झाली का म्हणून.”

मी त्यांना खरं कारण सांगायची नाही. झोप, चहा, जिना आणि गोळ्या, या चारही गोष्टींनी काळजाच्या ठोक्यांची मोजणी बिघडते, म्हणून ते प्रश्न होते. छापील यादीच होती ती. पहिले सहा महिने मलाही ती आपुलकीच वाटली होती, हे कबूल करायला हवं.

सर म्हणजे रत्नागिरीतल्या एका कॉलेजात वर्षानुवर्षं मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ, आणि मी त्यांची मदतनीस. भाट्याच्या पुलापलीकडे नारळीच्या बागेत त्यांचं घर होतं, आणि माडीवरच्या खोलीत ते एकटेच राहायचे. बायको मुलीच्या बाळंतपणाला म्हणून पुण्याला गेली ती परत आलीच नाही. तो नातू आता कॉलेजात जातो. कुणी विचारलं की सर म्हणायचे, “बाळंतपण अवघड आहे,” आणि आपणच हसायचे. विनोद चांगला होता, पण मी तो निदान चाळीस वेळा ऐकला.

माणूस माणसाला कसा जीव लावतो याचं एक शास्त्र आहे. लहानपणी रडल्यावर कुणी उचलून घेतलं, कधी घेतलं, कधी नाही, की कधीच नाही, त्यावर म्हणे पुढचं बरंच काही ठरतं. दुसरं शास्त्र काळजाचं. काळीज घड्याळासारखं टिकटिकत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं बदलत असतं, श्वास घेताना कमी, सोडताना जास्त. सर टेबलावर बोटं वाजवून दाखवायचे आणि म्हणायचे, “घड्याळासारखं नेमकं चालायला लागलं की समजायचं, माणूस धास्तावलाय. निरोगी काळीज थोडं मागेपुढे होतं, आपल्या एसटीसारखं.” म्हणून आमच्या बोलण्यात ठोके ‘सैल’ असणं चांगलं आणि ‘आवळणं’ वाईट. सरांना या दोन शास्त्रांची गाठ मारायची होती. त्यासाठी रत्नागिरीपेक्षा चांगली जागा त्यांना सापडली नसती. इथे घरटी एक माणूस मुंबईला नाहीतर बोटीवर, आणि मागे राहिलेल्यांना काय होतं ते मोजायला हव्या तेवढ्या बायका.

माणसांचे त्यांनी तीन प्रकार पाडले होते. पुस्तकातली नावं त्यांना बेचव वाटायची, म्हणून स्वतःची ठेवली. पहिली कालवं. खडकाला चिकटलेली, कवच फुटेल पण सुटायची नाहीत. दुसऱ्या बंद तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले. कितीही उकळा, शिंपला उघडायचं नाव नाही. आणि शेवटची नांगरलेली होडी. भरतीला वर, ओहोटीला खाली, पण दोर शाबूत. कुणीही भेटलं की दहा मिनिटांत सर शिक्का मारून मोकळे. दूधवाला कालव. बँकेतला मॅनेजर बंद तिसरी. होडी म्हणावं असं माणूस त्यांना फारसं भेटलंच नाही. स्वतःबद्दल मात्र छाती काढून सांगायचे, “मी बंद तिसरी. अस्सल.” आणि हा माणूस जन्मात कधी मासळीच्या वाटेला गेला नव्हता.

ती छाती एकदाच उतरली. मिरकरवाड्यात द्वारकाकाकी म्हणून मासे विकणारी बाई होती. तिचा एकुलता एक मुलगा परदेशी बोटीवर होता, त्यामुळे ती आमच्या यादीत होती. सर तिच्या ओट्यावर बसून आपलं तिसरीपण सांगत होते. ती कोयतीवर सुरमई कापता कापता थांबली.

“काय म्हनलात? उकळून पन बंद?”

“हो. उघडतच नाही.”

“सर, उकळल्यावर उघडली नाय ती तिसरी मेलेली असते. ती खायाची नसते. वेचून टाकायची असते ती.”

सर हसले नाहीत. पुढचे दोन दिवस ते मिरकरवाड्यात फिरकले नाहीत, मला एकटीला पाठवलं. त्यानंतर स्वतःला बंद तिसरी म्हणवून घेणं त्यांनी सोडलं. दुसऱ्यांना म्हणत राहिले.

मोजणीचा एक पट्टा असतो. तो कोरडा चालत नाही. बोटं पाण्यात बुडवून त्याची आतली बाजू ओली करायची आणि बाईच्या छातीखाली बांधायचा, हे माझं काम. सर तेवढा वेळ अंगणात. मग बाईने पाच मिनिटं गप्प बसायचं, पाच मिनिटं लांब असलेल्या आपल्या माणसाबद्दल बोलायचं, आणि पुन्हा पाच मिनिटं गप्प. बोलताना ठोके किती आवळतात आणि नंतर किती लवकर सैल होतात, ते बघायचं. पण या सगळ्याच्या आधी संमतीपत्र. सही झाल्याशिवाय पट्ट्याला हात लावायचा नाही म्हणजे नाही. दाभोळला एकदा एका आजीचा अंगठा मी कागद वाचून दाखवण्याआधीच घेतला. घाई होती, परतीची गाडी गाठायची होती. परत येताना अर्ध्या वाटेत सरांना ते कळलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तेवढ्यासाठी पुन्हा दाभोळला गेलो. त्यांनी तो कागद आजीसमोर फाडला, नवा तीन वेळा वाचून दाखवला आणि मगच अंगठा घेतला. गाडीत मला म्हणाले, “माणसाचं काळीज त्याला विचारल्याशिवाय बघायचं नसतं. चोरी आहे ती.”

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं. आपल्याला केवढा थोर गुरू मिळाला, म्हणून.

पट्टा सोडला की प्रत्येक बाई एकच विचारायची. “काय आला गो माज्या काळजात?” आणि सरांचं उत्तर ठरलेलं असायचं. “अभ्यास पुरा झाला की कळवू.” नम्रपणे, हात जोडून. बायकांना ते पटायचं, सरकारी कागदासारखं काहीतरी असणार म्हणून. द्वारकाकाकी मात्र सोडायची नाही. बाजारात मी दिसले की टोपलीआडून हाक मारायची, “बाय, झाला काय गो पुरा तुमचा अभ्यास? माजा काय आला?” मी म्हणायची, काकी, अजून नाही. एका पावसाळ्यात तिची जागा रिकामी दिसली. विचारलं तर ती गेली होती. मुलगा बोटीवरच होता, त्याला यायला मिळालं नाही. मी सरांना सांगितलं. त्यांनी यादी काढली आणि तिच्या नावापुढे बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं.

गणपती आटोपून चाकरमानी परत निघायचे, तो दिवस म्हणजे सरांचा सण. सकाळपासून एसटी स्टँडवर उभे. कोण रडतं, कोण रडत नाही, कोण खिडकीतून मोदकांचा डबा देऊन गाडी हलण्याआधीच पाठ फिरवतं, सगळं टिपायचे. त्या गर्दीत एकदा एक म्हातारा त्यांच्याच गळ्यात पडून रडायला लागला. त्याला वाटलं, हेही कुणाला तरी सोडायला आलेत. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. हात वर धरून उभे राहिले, शाईचा डाग लागेल म्हणून धरावेत तसे. नंतर मला म्हणाले, “कालव. शंभर टक्के.” मी हसले होते. माझा बाप एसटीत कंडक्टर होता, असे निरोप बघण्यातच त्याची अख्खी नोकरी सरली, आणि मी हसले.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी चार वर्षांची असताना आई गेली. बाबांनी मला वाढवलं, डबा करून दिला, वेण्या घातल्या, एम.ए. केलं. पहिल्याच दिवशी सरांनी घरची चौकशी केली तेव्हा मी हे सांगितलं. सर खुर्चीत पुढे सरकून बसले. इतकं लक्ष देऊन माझं कुणी ऐकलं नव्हतं. नंतर कपाटातून दुसरा पट्टा काढून म्हणाले, “हा रोज आल्यावर तू बांधत जा. पट्टा खरं सांगतोय की नाही ते कुणाच्या तरी अंगावर असल्याशिवाय कळायचं कसं? मशीन तपासायला हवं ना.” मला पटलं. रोज सकाळी दहाला मी आतल्या खोलीत जाऊन पट्टा ओला करून बांधायची आणि निघताना सोडून दोरीवर वाळत घालायची. पाच वर्षं. गार पट्टा अंगाला लागला की शहारा यायचा, त्याचीसुद्धा सवय झाली.

दुसऱ्या वर्षी बाबा गेले. सकाळी चहा घेतला, आणि पेपर वाचता वाचताच. दुपारी सर आमच्या घरी आले. ओट्यावर भिंतीला टेकून दोन तास बसून राहिले, ऊन अंगावर आलं तरी हलले नाहीत. तेरावं आटोपून चौदाव्या दिवशी मी कामावर गेले, नेहमीसारखा पट्टा बांधला, टेबलाशी बसले. आणि सर आतून कप घेऊन आले. स्वतः केलेला चहा. साखर कमी, वर साय, बशीत थोडा सांडलेला. माझ्यासमोर ठेवून म्हणाले, “घे.” ज्या माणसाने मला कधी ‘बस’ म्हटलं नव्हतं त्याने चहा केला होता. मी तो पीत रडले, आणि मग बरं वाटलं.

तसा चहा पुन्हा कधी मिळाला नाही. पण माझं त्या एका कपावर भागलं. पुण्याच्या एका इस्पितळात समुपदेशकाची जागा मिळत होती, पत्र आलं होतं. सरांना दाखवलं. ते म्हणाले, “जा. मी काय कुणाला बांधून ठेवलंय?” आणि पेपरात डोकं घातलं. मी आठवडाभर वाट पाहिली, काही म्हणतील म्हणून. मग पुण्याला नकार कळवला. एकटा म्हातारा माणूस, आपल्याशिवाय त्याला आहे कोण, असं मी मैत्रिणींना सांगायची. कुणाला कोण नव्हतं ते आता उघड आहे.

शेवटच्या वर्षी सरांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाचणं बंद. त्यांनी सगळ्या वह्या माझ्यापुढे टाकल्या आणि संगणकावर चढवायला सांगितल्या. स्वतः काळा चष्मा लावून खिडकीशी वेताच्या खुर्चीत बसायचे. द्वारकाकाकीची नोंद त्यातच सापडली. मुलाबद्दल बोलताना ती आवळली होती आणि शेवटच्या पाच मिनिटांत पुन्हा सैल झाली होती. शेऱ्यात ‘होडी’, आणि पुढे बारीक अक्षरात ‘मयत’. होडी म्हणण्यासारखं माणूस यांना भेटलं होतं, आणि ते तिला सांगायचं राहून गेलं होतं.

त्याच गठ्ठ्यात खाकी कव्हरची एक वही होती. वर लिहिलं होतं, ‘क्र. ०’.

मी सहज उघडली. तारखा होत्या, ठोक्यांचे आकडे होते आणि पुढे एकेक ओळ. ‘दोन दिवस बोललो नाही. आवळलेले.’ ते दोन दिवस मला आठवत होते. काय चुकलं म्हणून मी सगळ्या याद्या पुन्हा तपासल्या होत्या. ‘अक्षराचं कौतुक केलं. लगेच सैल.’ तेही आठवत होतं. त्या दिवशी मी घरी जाताना बाबांसाठी जिलेबी घेतली होती. ‘पुण्याचं पत्र. जा म्हटलं. फार आवळले. गेली नाही. कालव, नक्की.’

आणि चौदावा दिवस. ‘वडील गेल्यानंतर प्रथमच. चहा स्वतः करून दिला. रडली, पण लवकर सैल. पुन्हा देऊ नये. सवय झाली की फरक दिसणार नाही.’

मी ते दोनदा वाचलं. खाली बागेत कुणीतरी नारळ पाडत होतं, त्याचे आवाज येत होते. मी विचारलं, “सर, क्रमांक शून्य म्हणजे कोण?”

काळ्या चष्म्यामुळे त्यांचे डोळे दिसत नव्हते. ते म्हणाले, “ती वहीही दिली होय मी?”

“माझी सही कधी घेतलीत?”

“नाहीच घेतली. तेच तर.” त्यांचा आवाज समजूत घालण्याचा होता. “सही नाही म्हणजे तू अभ्यासात नाहीसच. त्यातला एक आकडा मला कुठे छापता यायचा नाही. काळजी करू नकोस.”

“मग कशाला घेतलेत?”

मी उत्तराची वाट पाहिली नाही. उठले, पाठ करून कुडत्यात हात घातला आणि पट्ट्याची कडी शोधू लागले. तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले. पाच वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता.

“काढू नकोस गो! आत्ताच तर खरं काहीतरी—”

वाक्य त्यांनी गिळलं, पण उशीर झाला होता. मी पट्टा काढून टेबलावर ठेवला. तो ओला होता. वहीच्या उघड्या पानावर त्याचं पाणी पसरलं, आणि मी जिना उतरून भाट्याच्या पुलापर्यंत चालत आले.

आता मी गावातल्या एका हृदयरोगाच्या दवाखान्यात पेशंटचे आलेख काढते. पुण्याची जागा केव्हाच भरली होती. काम बरं आहे. इथे माणसाचं काळीज बघितलं की त्याच दिवशी कागद त्याच्या हातात देतात.

पण एक गोष्ट मला सोडत नाही. बाबा गेले त्या दिवशी माझ्या अंगावर पट्टा नव्हता. वहीत त्या दिवशीचं पान नाही. मग ते दोन तास आमच्या ओट्यावर उन्हात कशासाठी बसले होते? बाकी पाच वर्षांवर मी पाणी सोडलं आहे. या दोन तासांचं काय करायचं ते कळत नाही.

दोन वर्षांनी, या मार्चमध्ये, दवाखान्याची दुपारची सुट्टी होता होता सर आले. काठी, हातात कापडी पिशवी. खूप वाळले होते. डॉक्टर जेवायला गेले होते. मी चादर बदलत होते, तशीच थांबले.

“आलेख काढायला आलात?”

“तो सकाळीच काढला दुसरीकडे. चांगला नाही.” त्यांनी पिशवीतून पट्टा आणि त्याचं छोटं मशीन काढलं, आणि त्याच्याखालून एक कागद. संमतीपत्र होतं. खाली त्यांची सही, वाकडी पण पूर्ण. “माझं कधी घेतलं नाही कुणी. तू घे.”

नाही म्हणता आलं असतं. मी कागद हातात घेतला आणि त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला, तीन वेळा. ते तिन्ही वेळा मान हलवत ऐकत राहिले. मग मी विचारलं, “झोप झाली?”

“नाही.”

“चहा?”

“सोडला.”

“गोळ्या?”

“पाच.”

मी पट्टा ओला केला आणि त्यांच्या छातीखाली बांधला. फासळ्या हाताला लागत होत्या. पहिली पाच मिनिटं गप्प. मग मी म्हटलं, “आता लांब असलेल्या आपल्या माणसाबद्दल बोला.” मला वाटलं, बायकोबद्दल बोलतील, नाहीतर नातवाबद्दल.

ते म्हणाले, “एक मुलगी यायची. दहाला यायची. तिचे वडील गेले त्या दिवशी मी तिच्या ओट्यावर जाऊन बसलो होतो. त्या दिवशी काही मोजलं नाही.”

उरलेली मिनिटं ते बोलले नाहीत. मी मशीनच्या पडद्याकडे बघत होते. ठोके आवळत गेले. दोन ठोक्यांमधलं अंतर एकसारखं झालं, घड्याळासारखं, आणि शेवटच्या पाच मिनिटांतही सुटलं नाही. त्यांच्याच वहीप्रमाणे याला कालव म्हणतात. पण पाच गोळ्या खाणाऱ्या, न झोपलेल्या, आजारी म्हाताऱ्याचे ठोकेही असेच येतात. एका मोजणीवरून माणूस सांगू नये, हेही त्यांनीच शिकवलं होतं. ते खरं बोलले असतील. किंवा या वेळीही माझ्याकडेच बघत असतील, मला काय होतं म्हणून. जे मला सात वर्षं ऐकायचं होतं ते मी ऐकलं, आणि माझा विश्वास बसेना. एवढं त्यांनी माझं करून ठेवलं आहे.

मी पट्टा सोडला, पुसला आणि पिशवीत ठेवून दिला. सर सदऱ्याची बटणं लावत होते. एक बटण सापडेना त्यांना. मी हात पुढे केला नाही. त्यांनी मान वर करून विचारलं, अगदी द्वारकाकाकीने विचारावं तसं.

“काय आलं गो?”

मी हात जोडले.

“अभ्यास पुरा झाला की कळवू, सर.”

मग दार उघडलं. बाहेर दुपारचे पेशंट येऊन बसायला लागले होते. मी पहिलं नाव पुकारलं.